आबांच्या अंगातला देव

आबा, जन्मभर लोकांनी तुम्हाला प्रश्न विचारले. तुम्ही विचारलात तो एकच, आणि त्याचं उत्तर मला यंदा चिंचवडच्या दवाखान्यात मिळालं.

भोसरीला खळ्यावर बाजरी मळताना तुम्ही ताठ होऊन पडायचात, हातपाय झाडायचात, आणि माणसं धरायला येण्याऐवजी नारळ घेऊन यायची. देव अंगात आला म्हणे! एकदा शेजारचे काका तुमच्या पायाशी बसून विचारतायत, "देवा, आमची म्हस कुठं गेली?" तुम्ही डोळे उघडता, चावलेल्या जिभेचं रक्त पुसता. "पानी द्या आधी. म्हशीचं मला काय ठावं?" मी परकर तोंडात कोंबून हसले होते. त्या माणसांचा मला अजूनही धड राग येत नाही. त्यांचा जीव होता तुमच्यावर.

मग पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर जाऊ लागलात. तिथेही पडलात. मुकादम म्हणाला, "देव न्हाई राव, फेफरं हाय. डाक्टरला दाखवा," आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काम गेलं, तरी तुम्ही हलके होऊन घरी आलात. "आजार हाय नुसता," चुलीपुढे बसून आईला सांगत होतात. तेवढ्यात माझ्याकडे बघितलंत, आणि हातातली भाकरी हातातच राहिली. "आजार म्हंजी... पोरीला न्हाई ना यायचा?"

"काय बी बोलू नगा," आई म्हणाली. "जेवा."

त्यानंतर माझं डोकं दुखतंय म्हटलं की तुमचा चेहरा उतरायचा. मग मी म्हणायचंच सोडलं. पुढच्या सुगीत त्याच खळ्यावर पडलात ते उठलाच नाहीत.

पोरीला आला, आबा. उशिरा, म्हातारपणी आला. ओट्याशी उभी होते, हात आखडला आणि पडले. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. बारीक शिरांचा गुंता, करवंदाच्या घोसासारखा काळा. जन्मापासूनचा असतो, आईबापांकडूनही येतो, म्हणाले, कधी त्यातून रक्त झिरपतं. "वडिलांना होतं का असं काही?" मी मानेनेच हो म्हटलं. स्वतःची भीती वाटली नाही, लेकीची वाटली. तिचीही तपासणी केली, आणि निकाल येईपर्यंत मला घास उतरेना. तुमच्या हातातली ती भाकरी मला तेव्हा कळली.

परवा निकाल आला. तिला नाही. माझ्यापाशीच थांबलं.

हे लिहिलेलं कुणाला वाचून दाखवणार नाही, म्हणून सांगते. घरात तुमचा एकही फोटो नाही. डॉक्टर माझ्या मेंदूचा, तुमच्याकडून आलेल्या त्या गुंत्याचा फोटो पडद्यावरून काढायला निघाले तेव्हा मी म्हटलं, थांबा, अजून एकदा बघू द्या.