कोपऱ्यातलं बोट

कॅम्प, पुणे
रविवार दुपार

प्रिय तनुजा,

तुला सलाम, विश्वजीतरावांना नमस्कार आणि त्यांच्या नव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण फोनवर तू हल्ली नवऱ्यापेक्षा गुडघ्याबद्दलच जास्त बोलतेस. माझी तब्येत वयाच्या मानाने बरी आहे. रोज काहीतरी दुखतं, पण रोज वेगळं दुखतं. परवा तुझ्याकडे यायला निघालेही होते, पण ‘वाघोली’ म्हटल्यावर रिक्षावाल्याने मी नागपूर म्हटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, म्हणून घरी येऊन पत्र लिहायला बसले. (शाळेतल्या सिस्टर बर्नडेट आठवतात ना? विचारपूस पहिल्या परिच्छेदात संपवायची, मुद्दा दुसऱ्यात आणायचा, आणि ताजा कलम लिहिणारी मुलगी म्हणजे केर सतरंजीखाली लोटणारी मुलगी.)

तर मुद्दा आमच्या कॅमेऱ्याचा. ह्यांनी सतरा-अठरा वर्षांपूर्वी घेतलेला तो चपटा, चंदेरी डिजिटल कॅमेरा तुला आठवत असेल. साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा. दुकानदार म्हणाला होता, शर्टाच्या खिशात मावतो. मावायचाच, पण ह्यांचा बाइंडिंगचा धंदा; उघडी वस्तू ह्यांना बघवायचीच नाही. त्याला लाल रेक्झिनची, हुबेहूब पुस्तकासारखी पेटी केली आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘कॅमेरा’ छापलं. परिणाम व्हायचा तोच झाला. सदाशिव पेठेतल्या एका वकिलांच्या बांधलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात तो निघून गेला आणि महिन्याने चिठ्ठीसह परत आला: ‘आपला ग्रंथ परत पाठवीत आहे. आत मजकूर आढळला नाही.’ ह्यांनी ती चिठ्ठीही जपून पेटीत चिकटवली.

कॅमेऱ्यात दोष असा काहीच नव्हता. दोष एवढाच की तो फार बारीक होता आणि त्याचं भिंग वरच्या डाव्या कोपऱ्यात होतं, नेमकं ह्यांच्या डाव्या हाताची तर्जनी जिथे यायची तिथे. (तीच तर्जनी, जिचं अर्धं नख कागद कापायच्या यंत्राने नेलं होतं.) त्यामुळे महाबळेश्वर असो, ईद असो, की आमच्या तालिबच्या मुलीचं, आलियाचं बारसं, प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग. मी बारा वर्षं ओरडत राहिले, ‘अहो, बोट!’ पुढेपुढे तर ह्यांनी कॅमेरा उचलला की सगळं घर एका सुरात ‘बोट!’ म्हणायचं. लोक फोटोत हसतात. आमच्या घरातले सगळे फोटोत तोंडाचा चंबू करून बसलेले आहेत, जणू समोर वाघ आलाय. हे आपले शांतपणे ‘हो, हो’ म्हणायचे आणि बोट होतं तिथेच ठेवायचे.

दीक्षाच्या लग्नात तर कहर झाला. कॅमेऱ्यावर एक फुलाचं चित्र असलेलं बटण होतं, अगदी जवळच्या वस्तूंसाठी. ह्यांना वाटलं, लग्नात हार-फुलं असतात, तेव्हा हेच दाबायचं. मग कॅमेऱ्याला सगळ्यात जवळचं जे दिसलं तेच त्याने मन लावून टिपलं. तुझी लेक, जावई, आपण सगळे मागे धुक्यात, आणि पुढे ह्यांचं बोट, अर्ध्या नखासकट, अंगठ्याचा ठसा द्यावा इतकं स्पष्ट. हे अशा अकरा फोटोंच्या प्रिंट घेऊन हौसेने तुझ्याकडे आले, तेव्हा तू म्हणालीस, “मैनुद्दीनभाई, नवरी राहिली घरी, बोट तेवढं लग्नाला आलं!” ह्यांनी वर विचारलं होतं, “पण आलंय ना छान?”

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. कॅमेरा पेटीत होता, पेटी कपाटात. आता ऐक. हल्लीच्या मुलांना म्हणे असेच जुने कॅमेरे हवे असतात. खिशात कॅमेऱ्याचे बाप ठरतील असे फोन असताना! आलिया कॉलेजात गेल्यापासून मागे लागली होती. “दादी, व्हिंटेज लुक येतो, दे ना.” आपल्या हयातीतली वस्तू व्हिंटेज झाली की काय वाटतं ते तुला सांगायला नको, पण दिला. कार्डात ह्यांचे सहाशे बारा फोटो होते. तेवढे सांभाळ म्हटलं.

पोरीने सांभाळले, फारच सांभाळले. परीक्षा संपल्यावर चार दिवस बसून कुठल्याशा ॲपने सहाशे बाराच्या सहाशे बारा फोटोंतलं बोट पुसून टाकलं. ईदीच्या बदल्यात दादीला भेट. पुसल्यावर रिकाम्या राहिलेल्या कोपऱ्यात ॲप आपल्या मनाने काहीबाही घालतं. त्यामुळे महाबळेश्वरला एक डोंगर जास्त आला आहे, आणि माझ्या नणंदेला तीन कान. जुने फोटो तिने काढून टाकले, जागा अडते म्हणून. कार्ड कोरं करून वर कॉलेजचं गॅदरिंग भरलं. दुकानात विचारून आले, आता परत येणार नाहीत.

“दादी, आवडलं?” असं इतक्या आशेने विचारलं तिने. मी म्हटलं, फार सुंदर. (डोळ्यांत पाणी होतं, पण मी कांदा चिरत होते. मुद्दाम चिरायला घेतला होता.) तिचं तरी काय चुकलं? बारा वर्षं ते बोट काढा म्हणून मीच ओरडत होते. शेवटी कुणीतरी ऐकलं, एवढंच.

फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो, तनुजा. ह्यांचा म्हणावा असा एक आधार कार्डावरचा आहे, त्यात ते अटक झाल्यासारखे दिसतात. बाकी जे काही ते कोपऱ्यातच होते. आता कोपरे स्वच्छ आहेत, आणि आम्ही सगळे अजून तोंडाचे चंबू करून कुणाला तरी ओरडतोय.

असो. झालं ते झालं, माझी काही तक्रार नाही. विश्वजीतरावांना जिना चढू देऊ नकोस. दीक्षाला आशीर्वाद.

तुझी,
जरीना

ता. क. सिस्टरांची क्षमा मागून लिहिते. दीक्षाच्या लग्नाचे ते अकरा फोटो अल्बममध्ये लावताना तू ह्यांचं बोट कात्रीने कापून काढलं होतंस. नागमोडी कात्रीने, शिवणाच्या तासाची. तेव्हा मला राग आला होता, बोलले नव्हते. आता विचारते: त्या कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत? तू आठवीतल्या वेणीच्या रिबिनी ठेवणारी बाई, तू टाकल्या नसशील. बिस्किटांच्या डब्यांत बघ. अकरा नकोत, एक पुरे.

ता. क. २ कुरियरने पाठवू नकोस. मी नागपूरच्या भाड्याने येईन.

ता. क. ३ टाकून दिल्या असतील तर तसं कळवू नकोस. ‘शोधते आहे’ एवढंच लिही. तुझ्याकडे डबे पुष्कळ आहेत. आपल्या दोघींना पुरेल इतकं शोधणं त्यांत निघेल.