विधी घेणारा

बाबा, रविवारी मी तिच्या लग्नात विधी घेतला. आधी 'तिचं लग्न लावलं' असंच लिहिलं होतं, मग खोडलं. तुम्ही असता तर खोडायला लावलंच असतं. ती म्हणजे विहारामागच्या गल्लीतली. तुम्ही गेलात तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची आणि मी सातवीत होतो.

आठवडाभर तुम्ही जिनिंगमध्ये असायचात. संध्याकाळी घरी आलात की भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू. रविवारी मात्र धुतलेला पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत वही आणि मेणबत्त्या. बाभुळगावच्या बाजारात कोणीतरी थांबवायचं, बायकोला सांगायचं, "यायनंच लावलं आपलं लग्न." तुम्ही तिथल्या तिथे दुरुस्त करायचात, "लग्न तुम्ही लावलं. मी विधी घेतला." पौरोहित्य हा शब्द तर आपल्या घरात कोणी उच्चारलाच नाही. चौथीत सरांनी विचारलं, वडील काय करतात. मी ऐटीत म्हणालो, लग्नं लावतात. ते तुमच्या कानावर आलं. तुम्ही मारलं नाही. जेवता जेवता म्हणालात, "लावणारे थे दोघं असतात. आपण समोर उभं राह्यतो. लावतो म्हटलं का माणसाले वाटते, सारं आपल्याच हातात हाय." मी मान हलवली. खरं तर एवढ्याशा शब्दासाठी बाप एवढा गंभीर का होतो, ते मला कळलं नव्हतं.

तुमची एक रीत होती. विधीआधी नवरीला भेटायचं, बाकीच्यांना बाहेर काढायचं आणि विचारायचं, "ताई, तुमच्या मनानं हाय ना?" एका रविवारी तुम्ही फार उशिरा घरी आलात. मला अजून दिसतं, आई चुलीपुढे बसली आहे, तव्यावर भाकर आहे, आणि तुम्ही सदरा न काढताच पाटावर बसून सांगताय. नवरी काही बोललीच नाही. मग तुम्ही मांडवात येऊन बसलात, चांगला दीड तास. वऱ्हाडी चिडले. एक जण म्हणाला, "बुवा, आपल्यात मुहूर्त नाही म्हणून काय दिवाळीपर्यंत बसवता?" शेवटी पोरगीच डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, घ्या आता विधी. घर सोडायचं म्हणून रडू आवरत नव्हतं तिला, एवढंच.

"अन् अजून एकडाव विचारलं असतं तं काय तोंड झिजत होतं?" आई म्हणाली.

"दुसऱ्यांदा विचारलं का थे विचारणं राह्यत नाही," तुम्ही म्हणालात. "पहिलं उत्तर आपल्याले पसंत नाही, हे तिले समजते. मंग तो दाब होते."

"मले कोणी विचारलं होतं?" आईने भाकर उलटली. मग तुम्ही दोघंही हसलात.

माझं सांगतो. कॉलेजला आम्ही एकाच बसने यवतमाळला जायचो. दुसऱ्या वर्षाला मी तिला मनातलं सांगितलं. ती म्हणाली, "पहिले बीए तं कर." एवढंच. 'नाही' म्हणाली नव्हती. पण मला तो अपमान वाटला आणि दुसऱ्या दिवसापासून मी बसमध्ये चढलोच नाही. कॉलेज सुटलं ते असं. राग तिच्यावर, नुकसान माझं. ती शिकली, नर्स झाली. मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलो, विधी शिकायचं शिबिर केलं आणि तुमची वही उघडली. मागच्या महिन्यात तिचे वडील दारात आले. "मोठीचा विधी तुह्या बाबानं घेतला होता. लहानीचा तू घे." नवरा दिग्रसचा. मी हो म्हणालो. का म्हणालो, तेही सांगतो. मला वाटलं, तो प्रश्न तर मलाच विचारायचा आहे. ती 'नाही' म्हणाली तर मी मांडवात जाऊन सांगीन, आज लग्न होत नाही. महिनाभर हेच मनात घोळवत होतो. त्या महिन्यात मी विधी घेणारा नव्हतो बाबा, लग्न लावणारा होतो. सारं आपल्याच हातात.

रविवारी तिच्या स्वयंपाकघरात गेलो. बायकांना म्हटलं, जरा बाहेर जा. तिची मावशी म्हणाली, "कायले? तू का डॉक्टर हाय?" हसत हसत गेल्या सगळ्या. ती पांढऱ्या साडीत, ओट्याला टेकून बशीतून चहा पीत होती. माझ्या तोंडून 'ताई' निघेना. नुसतंच विचारलं, "तुह्या मनानं हाय ना?"

"हो," ती म्हणाली. लगेच, स्वच्छ.

मग मांडवात दोन्ही फोटोंना हार घातले, मेणबत्त्या लावल्या. त्रिशरण, पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, गाथा. आवाज कुठेच अडकला नाही. फुलं पडली, लोक 'साधू साधू' म्हणाले. काल तिचे वडील दुकानात आले, म्हणाले, लग्न छान लावलंस. मी म्हणालो, "काका, लग्न त्यायनं लावलं." हे बोलताना पहिल्यांदा तुमचा शब्द मला माझा वाटला.

हा कागद तुमच्या वहीतच ठेवतो, प्रतिज्ञांच्या पानात. आणखी कुठे पाठवणार?

एक मात्र वर लिहायचं टाळलं. तिचं 'हो' ऐकल्यावर मी तिथून निघालो नाही. मी पुन्हा विचारलं. तिने बशी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि आजारी माणसाला सांगावं तसं हळू म्हणाली, "हो रे."