बाभळीतला खिळा

आखाजी (अक्षय्य तृतीया), दिवेलागण

मी देवही पूजतो आणि भुतंही बांधतो. मेल्यावर मला स्वर्ग की नरक? आज पुन्हा तो खिळाच आठवला.

विठाअक्का मेल्यावरही लेकीला बघायला येई. तिच्या दिरांनी सांगितलं, म्हणून मीच तिला खिळा ठोकून बाभळीत जखडलं. लेक दर आखाजीला आईच्या नावाने घागर भरते. बांधलेली अक्का मात्र तहानलेलीच. का ऐकलं मी त्यांचं?

आज खिळा उपटला.

"भाऊ, इतला उशीर?" बाभळीतून अक्का बोलली. "जाय आते घर. बठ्ठं फिटनं."

सगळं फिटलं? कोण जाणे. पण वाटेत अक्काची लेक तिच्या अंगणात उभी होती. काठोकाठ भरलेली घागर चार बोटं उतरली होती.

"काका, माय उनी!" आली होती खरी, पाणी पिऊन गेली.

खिळा देवापुढे ठेवलाय. आता दिवा लावतो.