न घेतलेली हरकत

१२ जानेवारी, सोमवार

बाह्यवळण रस्ता येतोय! सत्तावीस वर्षं वार्ताहरकी केली, त्यातली बावीस या एका रस्त्यासाठी घासली. 'रत्नागिरीचा श्वास कोंडला', 'वाहतुकीला बाहेरची वाट हवी' — मथळे माझे, जांभया वाचकांच्या. आणि आज संपादकांचा फोन: "शिवलकर, त्या रस्त्याचे नियोजनकार आलेत पुण्याहून. सुजय म्हणून आहेत. हुशार माणूस. मुलाखत घ्या, फोटो मोठा टाकू."

माझा फोटो सत्तावीस वर्षांत एकदा छापून आला. तोही गर्दीत. कुठला मी, ते बाण काढून दाखवावं लागतं.

१४ जानेवारी, बुधवार

घेतली मुलाखत. चाळिशीचा, कातरलेली दाढी, पिशवीत ड्रोन. म्हणतो, "या कॉरिडॉरची कल्पना मला सगळ्यात आधी उपग्रहाच्या चित्रात दिसली." लिहून घेतलं. अक्षर बिघडलं नाही, त्याबद्दल स्वतःला तिळगूळ दिला.

संस्कृतात रस्त्याला डझनभर शब्द आहेत. सुजयरावांकडे एकच — अलाइनमेंट. आणि ती जाते आमच्या शिरसड्यातून! वरची वाडी आणि खालची वाडी यांच्या बरोबर मधून. हे माझं गाव, म्हणून सांगितलं.

"वा! मग तुमच्याकडेच जेवायला येतो, सर."

विनोद समजून हसलो. विनोद नव्हता.

१८ जानेवारी, रविवार

आले. मालनने बांगड्याचं तिखलं केलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. (बांगडा खाऊन संस्कृत बोलतो म्हणून पाठशाळेत मला हसायचे. इथे नुसता बांगडा खाऊन माणसाचं कौतुक होतं.)

"वहिनी, असा बांगडा पुण्यात मिळत नाही."

पुण्यात समुद्रही मिळत नाही. हे सोलकढीबरोबर गिळलं.

मालन एकोणीस वर्षं खालच्या वाडीत अंगणवाडी चालवते. रोज पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरते, रोज चढते. त्याने विचारलं, किती वेळ लागतो? पोरं कुठून येतात? पावसात सड्याच्या कातळमाळावरचं पाणी कुठे उतरतं? ती सांगत होती, तो वहीत उतरवत होता. पाखाडीला एकशे बारा पायऱ्या आहेत म्हणे. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मला हे ठाऊक नव्हतं.

मी कधी विचारलं नव्हतं, हे खरं. पण त्याने विचारायचं कारण काय?

२३ जानेवारी

मालनचा फोन आज तीनदा वाजला. तिन्ही वेळा सुजयराव, तिन्ही वेळा रस्ताच.

२९ जानेवारी, गुरुवार

आराखडा प्रसिद्ध झाला. सुजयरावांनी आमच्या पडवीत जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवून. (नारळ माझे.) सतरा फेब्रुवारीला गावात सुनावणी, लेखी हरकतींची मुदत सत्तावीसपर्यंत.

दोन वाड्यांच्या मधून रस्ता. रुंद, भरावावर उचललेला. माणसांना इकडून तिकडे जायला त्याच्या पोटातून बोगदा. नकाशावर आगपेटीएवढा चौकोन.

पाहिला — आणि लगेच दिसलं.

देऊळ वरच्या वाडीत. शिमग्यात ग्रामदेवी सोमजाईची पालखी पाखाडी उतरून खालच्या वाडीत घरोघर जाते. दुसरी वाट नाही. आता त्या बोगद्यातून जायचं म्हणजे देवीच्या डोक्यावरून चपला, टायरं, मासळीचे ट्रक! गाव तिला त्याखालून नेणार नाही. जन्मात नेणार नाही. खालच्या वाडीच्या चाळीस घरांत पालखी कायमची बंद.

उपायही दिसला. तिथे सडा मुळातच उंच आहे. भराव कशाला? कातळ कापून रस्ता खाली न्यायचा, पाखाडी वरून पुलाने न्यायची. ट्रक खाली, देवी वर. शेंबड्या पोराला सुचेल. उपग्रहाला नाही सुचलं!

भागोजी गुरव शेजारी उकिडवा बसलेला. सत्तरीचा, देवीची पूजाअर्चा त्याच्याकडे. चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो काय?"

"तुमची जा-ये इथून, काका."

"वाट गावनार ना आमाला? मंग झाला."

चौकोन त्याला जमिनीवर दिसला, रस्त्याखाली नाही. गावात सरकारी कागद वाचून दाखवायचं काम माझं. म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मालनसुद्धा.

मी म्हणालो, "छान आहे."

बोलायला हवं होतं. पण सुनावणीपर्यंत कुणाच्या तरी ध्यानात येईलच. मग सभा उसळेल, आणि ज्याला आकाशातून सगळं दिसतं त्याला एक पालखी दिसली नाही, हे अख्ख्या जिल्ह्याला दिसेल. ते मला बघायचंय. मग मी उठेन, शांतपणे उपाय सांगेन.

लिहिताना लाज वाटतेय. थोडीच.

३० जानेवारी

मालनने चहा देताना विचारलं, "कालच्या नकाशात काही खटकलं का हो तुम्हाला?"

"मला? नाही."

"बघा हं. नीट बघा."

आता आराखडा कसा बघायचा हेही हिच्याकडून शिकायचं! सुजयरावांची शिकवणी चांगली चाललेली दिसते.

४ फेब्रुवारी, बुधवार

कचेरीतून लवकर आलो. दोघं पडवीत. त्याचा लॅपटॉप, तिचा चष्मा, मधे एक कागद. मला बघून मालनने कागद निळ्या फायलीत सारला.

"काय चाललंय?"

"अंगणवाडीचं."

सुजयराव हसले. नको इतके. "सर, तुमच्या जुन्या बातम्यांची कात्रणं असतील का हो? बावीस वर्षांपूर्वीची?"

"वाळवीने खाल्ली," म्हणालो. ट्रंकेत आहेत. सगळी आहेत. तारीखवार.

८ फेब्रुवारी

षड्रिपूंमध्ये मत्सर सहावा. पहिले पाच माझ्या वाट्याला फारसे आले नाहीत — वेळ नव्हता, ऐपत नव्हती. सहावा मात्र सहकुटुंब मुक्कामाला आलाय. आणि उठायचं नाव घेत नाही.

१२ फेब्रुवारी

मालन भाजी चिरताना गुणगुणत होती. गेल्या दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. "आनंदात दिसतेस," म्हटलं.

"एक चांगलं काम जमतंय."

"कुणाचं?"

"कळेल तुम्हाला."

मिरची तिने चिरली, झोंबली मला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उद्या सुनावणी. मालनने माझा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला, खिशात पेन खोचलं.

"पेन कशाला? आहे माझ्याकडे."

"असू दे. बोललात, तर सही लागते."

"मी वार्ताहर आहे, मालन. वादी नव्हे."

ती सदऱ्यावरची न पडलेली सुरकुती हाताने साफ करत राहिली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेच्या पटांगणात मांडव. सुनावणी अधिकारी, माइक, बिस्किटं. सुजयरावांनी पडद्यावर सगळं दाखवलं. चौकोनसुद्धा.

लोक उठले, बोलले. कुणाचा दगडी गडगा जातोय, कुणाची आंब्याची कलमं. एकाने विचारलं, एसटीचा थांबा कुठे? भागोजी उठला — मी वही उघडली — म्हणाला, "मांडवात पंखा पायजे हुता," आणि बसला.

पालखीचं नाव नाही! एकाच्याही तोंडी नाही! सभा उसळायची ती बिस्किटांवरच काय ती उसळली.

शेवटी सुजयराव माइक घेऊन थेट माझ्या खुर्चीपाशी. "शिवलकर सर, तुम्ही बोला ना. तुमच्यासारख्या जाणकाराने बोलावं, अशी आमची सगळ्यांची इच्छा आहे."

पुढच्या रांगेतून मालन वळून बघत होती. माझ्याकडे की त्याच्याकडे, कळेना. तो मला खेटूनच उभा होता.

माइक तोंडाशी. वाक्य जिभेवर. पण आता सांगायचं म्हणजे काय? हा म्हणणार "थँक यू सर", दुरुस्त करणार, टाळ्या घेणार. आणि माइक धरायचा तोही त्याच्या हातचा! मागून दान घेतल्यासारखा!

म्हणालो, "सुंदर आराखडा आहे. मला काही म्हणायचं नाही."

सुजयरावांनी माइक लगेच काढला नाही. दोन श्वास तसाच धरून ठेवला. मग अधिकाऱ्यांनी सुनावणी संपल्याचं जाहीर केलं.

पाखाडी चढताना मालन एवढंच बोलली, "तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"काय?"

"काही नाही."

साठाव्या पायरीपर्यंत मोजल्या मी. पुढे चुकलो.

२१ फेब्रुवारी

मुदत आहे अजून. सत्तावीसपर्यंत. लेखी देईन. घाई काय?

२५ फेब्रुवारी

उद्या देतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मालन सकाळी साडेनऊच्या एसटीने शहरात गेली. मला न सांगता. दोनला परतली, हातात शिक्का मारलेला कागद. हरकत! तिच्या नावाने, तिच्या सहीने. पालखी, बोगदा, कातळ, पूल — सगळं. मला महिन्यापूर्वी दिसलेलं तिने एका पानात मांडलं.

पाठोपाठ सुजयरावांचा फोन, आणि तो मला! "सर, वहिनींनी दिली हरकत. बरं झालं. प्रसिद्ध झालेला आराखडा आम्हाला आपल्या मनाने बदलता येत नाही. गावातून लेखी यावं लागतं. आता रस्ता खाली, पाखाडी वर. आमचं काम झालं."

आमचं! म्हणजे दोघांचं. म्हणजे दोघांना माहीत होतं. तीन वेळा वाजणारा फोन, निळी फाईल, गुणगुण — हे असं शिजत होतं तर! माझ्याच पडवीत, माझ्याच नारळांच्या साक्षीने, आणि मला वास नाही.

मालन तांदूळ निवडत बसलेली. विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला दिसलं असतं, तर तुम्ही बोलला असतातच की."

टोमणा असता तर परतवला असता. टोमणा नव्हता.

तीनच्या गाडीने मी जाणारच होतो. खरंच. बहुतेक.

८ मार्च, रविवार

पालखी आली घरी. ढोल, सनई, अंगणात गुडघाभर पोरं. मालनने ओटी भरली. भागोजीने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं, आणि देवीला थेट नाव घेऊन सांगितलं —

"बाय सोमजाय, तुज्या डोक्यावरना गाड्या जानार हुत्या. आमा कुनाच्या ध्यानात नाय आला. ह्या मालनबायच्या ध्यानात आला. तिची राखन कर!"

"व्हय महाराजा!" गाव गरजलं.

घरचा कर्ता म्हणून सगळ्यात पुढे मीच उभा होतो. म्हणावं लागलं. "व्हय महाराजा." आवाज कसा निघाला कोण जाणे. शेजारची कमळाकाकी म्हणते, "आमच्या रघूचा कंठ दाटला हो!"

दाटला तर. कशाने, ते देवीला ठाऊक आणि या वहीला.

पालखी खांद्यावर घेऊन भावकीतल्या पोरांनी नाचवली. मग पाखाडीने खाली, खालच्या वाडीकडे. बघत उभा राहिलो. सत्तावीस वर्षांत बातमीत माझं नाव नाही, आणि हिचं थेट गाऱ्हाण्यात! आधी त्याचा हेवा होता. आता तिचा. घरातच माणूस मिळालं, जा-ये वाचली.

१९ मार्च, गुरुवार

सुधारित आराखडा मंजुरीला गेला. संपादक: "शिवलकर, बातमी तुमच्याच घरची! हरकतीची प्रत पाठवा, छापू. वहिनींचा फोटो मोठा टाकू."

मालन अंगणवाडीत. म्हणाली फोनवर, "निळ्या फायलीत आहे. वरचाच कागद घ्या. वरचाच हं."

२० मार्च, शुक्रवार

खालचाही पाहिला.

तोच मजकूर, शब्द न् शब्द. फक्त सुरुवात वेगळी — 'या रस्त्याची मागणी गेली बावीस वर्षे सातत्याने करीत आलेला मी...' तारीख चार फेब्रुवारी. अर्जदार: श्री. रघुनाथ भिकाजी शिवलकर, वार्ताहर, शिरसडे.

सहीची जागा कोरी. तिथे पेन्सिलीची बारीक फुली. अंगणवाडीत येणाऱ्या आयांना सही कुठे करायची ते कळावं म्हणून मालन काढते, तशी.