सूर मारतानाचा एक फोटो

३ मार्च

आणला एकदाचा नवा कॅमेरा! आत आरसा नाही म्हणतात, म्हणून हा असा एवढासा. जुना धूड कॅमेरा कपाटात गेला, बिचारा तिथे बसून सगळं ऐकत असणार.

हिने हातात घेऊन उलटासुलटा केला. "एवढ्याशात मी मावेन का?"

घ्यायला परवानगी मिळाली ती एका अटीवर. ही अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला शिकली. या महिन्याच्या २९ तारखेला ज्येष्ठांची स्पर्धा आहे. तलावाच्या काठावरच्या ठोकळ्यावरून सूर मारताना, हवेत असतानाचा हिचा फोटो मी काढायचा. "लग्नापासून तुम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोत माझे डोळे मिटलेले, नाहीतर डोकं उडालेलं. एक तरी धड काढा!"

खरं आहे. वाद घालायला जागाच नाही.

५ मार्च

मेन्यू. मेन्यूत मेन्यू. त्या मेन्यूत आणखी एक मेन्यू, आणि तिथे लिहिलंय, "अधिक माहितीसाठी मेन्यू पाहा"!

माहितीपुस्तक दुकानात नेलं. माझ्या चष्म्याच्या दुकानात दुपारी चिटपाखरू नसतं, मन लावून वाचता येतं. आज नेमकं एक गिऱ्हाईक आलं. बाई फ्रेम बघत होत्या, मी "सतत फोकस" आणि "एकदाच फोकस" यांतला फरक बघत होतो. बाई कंटाळून गेल्या. फरक अजून कळला नाही.

६ मार्च

व्ह्यूफाइंडर म्हणजे डोळा लावायची खिडकी, तिच्या बाजूला नखाएवढं चाक आहे. पुस्तकात त्यावर अर्धं पान खर्ची घातलंय. मला एक ओळसुद्धा नको! चष्म्याचा नंबर जुळवायचं चाक ते. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे मी दुसरं काय करतोय? चष्मा काढला, उजवा डोळा लावला, फिरवत गेलो. चाक शेवटाला टेकलं तरी अजून थोडं हवंसं वाटत होतं. कंपनीने पल्ला आखूड ठेवलाय. हल्ली सगळ्यांचीच काटकसर.

असो. कामापुरतं दिसतं.

८ मार्च

पहाटे हिच्याबरोबर तलावावर. पोहायला शिकवणाऱ्याला सगळे "शिट्टी" म्हणतात. तो बोलत नाही, फुंकतो. एक फुंकर म्हणजे तयार, दोन म्हणजे सूर, लांबलचक म्हणजे "हे काय केलंत?" हिच्या वाट्याला लांबलचकच जास्त येते.

घरी येऊन फोटो पाहिले. तलावातली दोरी काय सुरेख आलीय! धागा न् धागा मोजून घ्या. तिच्या वरून एक नारिंगी फराटा गेलाय. ती ही. म्हणजे हिची टोपी.

शटर फार हळू होतं. माझी चूक. लिहून ठेवलं म्हणजे झालं.

९ मार्च

मेव्हणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. सगळ्या विषयांतलं सगळं येतं त्याला, कारण त्याने सगळ्याचे व्हिडिओ बघितलेत. "भाऊजी, सरळ ऑटोवर टाका ना."

ऑटोवर टाकायचं होतं तर मी हवा होतो कशाला?

११ मार्च

शटर जलद केलं. सगळे फोटो काळेकुट्ट. ही म्हणाली, "वा! यात मी बारीक दिसते."

१२ मार्च

आयएसओ नावाची भानगड कळली. वाढवला की उजेड वाढतो. फार वाढवला की फोटोभर मोहरी फेकल्यासारखे ठिपके येतात. आज हिच्या तोंडावर मोहरी. पण निदान तोंड आहे हे तरी कळलं. प्रगती आहे!

१४ मार्च

हा कॅमेरा समोरच्याचा डोळा आपणहून शोधतो आणि त्यावरच फोकस धरून ठेवतो. केवढी सोय! सकाळी मोठ्या तोऱ्यात गेलो. शिट्टी वाजली, ही झेपावली, मी बटण दाबून धरलं. धडाधड फोटो निघाले.

घरी पडदा भरून पाहिले तर प्रत्येक फोटोत तलावाच्या भिंतीवर रंगवलेला डॉल्फिन लखलखीत! त्याच्या डोळ्यातली चमकसुद्धा आलीय. पुढून ही धुरकट होऊन चाललीय.

शोध घेतला. डोळा कोणाचा शोधायचा, माणसाचा की प्राण्याचा, हेही मेन्यूत सांगावं लागतं. मी घाईत प्राण्यावर ठेवलं होतं.

"मला प्राण्यांत घातलंत?"

"अगं, तुला घातलं असतं तर तू स्पष्ट आली असतीस."

तोंडातून गेलं ते गेलं. दुपारचं जेवण मुक्याने झालं. रात्रीचंही.

१५ मार्च

अजून मुक्यानेच.

१७ मार्च

माणसावर ठेवलं. आता शिट्टीचा डोळा धरतो. गाल फुगवून फुंकतानाचे त्याचे इतके झकास फोटो आलेत की तो मोठा करून मागतोय. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शिट्टीशिवाय बोलताना ऐकलं. "साहेब, जबरदस्त!"

ही बाजूला टोपी पिळत उभी होती.

२० मार्च

आज फोटो नाही. बॅगेतून काढलाच नाही.

ही चार वेळा पोटावर आपटली. तो आवाज! ओला टॉवेल फरशीवर आपटावा तसा. पाचव्यांदा ठोकळ्यावर चढली आणि उभीच राहिली. मग पायऱ्यांवरून उतरून आली, टॉवेल गुंडाळून माझ्या शेजारी बसली.

"शिट्टी म्हणतो, कधी कधी अगदी नीट होतो माझा सूर. पाय सरळ, हात कानाला. मला नाही पटत. तो सगळ्यांना धीर द्यायला तसंच म्हणतो."

"होतो की नीट."

"तुम्ही तर म्हणणारच! अहो, आरशासमोर साडी कशी बसली ते दिसतं. सूर मारताना मी स्वतःला कुठे बघणार? म्हणून फोटो हवाय. भिंतीवर लावायला नकोय मला. मला एकदा बघायचंय, मी खरंच करते का ते."

इतके दिवस मला वाटत होतं, हौस आहे. हौस नाहीये ती. मला फार वाईट वाटलं. या पानावर लिहितो, तिच्यापुढे नाही म्हणवलं. तिला म्हणालो, "काढतो. शब्द देतो." बाकी काहीही बिघडो, हा फोटो मी काढणार.

२३ मार्च

कॅमेरा मेला! फोकसच होईना. बटण दाबतोय, हूं की चूं नाही. मेन्यूच्या तळाशी जाऊन आलो. बॅटरी काढली, घातली. शेवटी विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणे, "काका, बंद करून चालू करून बघा." हे सांगायला याला पगार मिळतो.

तेवढ्यात मेव्हणा आला. लेन्सच्या कडेचं एक बटण नखाने वर सरकवलं. किर्र झालं आणि फोकस! बॅगेत घासून ते हाताने फोकस करायच्या बाजूला सरकलं होतं, एवढंच.

"व्हिडिओत होतं," म्हणाला.

चहा द्यावा लागला त्याला. बिस्किटांसकट.

२६ मार्च

आता ठणकावून सांगतो, मला येतं! सतत फोकस. माणसाचा डोळा. शटर पाण्याचा थेंब हवेत गोठवील इतकं जलद. एका दाबात फोटोंची माळ. हे सगळं एका बटणात साठवून ठेवलं, म्हणजे ऐन वेळी मेन्यूचं तोंड बघायला नको.

दुकानात एका आजोबांना आज चांगलं फैलावर घेतलं. किती दिवसांपासून धूसर दिसतंय म्हणे, आणि आता आले! म्हटलं, डोळ्याचं दुखणं असं अंगावर काढतात का? चिठ्ठी देऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

२८ मार्च

रंगीत तालीम. मेव्हण्याला सोफ्यावरून गादीवर सूर मारायला लावले. पहिले दोन नीट मारले. तिसऱ्याला गादी सरकली. तो विव्हळत असताना मी चष्मा लावून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघत होतो. स्पष्ट! मिशीचा केस न् केस! वेदनासुद्धा स्पष्ट!

ही दारात उभी राहून इतकी हसली की खाली बसली. बऱ्याच दिवसांनी.

उद्या.

२९ मार्च

सविस्तर लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

लख्ख ऊन होतं. ही चौथ्या पट्ट्यात, नारिंगी टोपी. चढण्याआधी माझ्याकडे बघून मान हलवली. मी चष्मा खिशात टाकला, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, बटणावर बोट. शिट्टी वाजली. एक नारिंगी काहीतरी झेपावलं, मी बोट उचललं नाही. आणि आवाज आला नाही! तो आपटल्याचा आवाज. नुसतं सर्रकन पाणी कापल्यासारखं झालं. पलीकडून शिट्टीने दोन्ही हात वर केलेले दिसले.

ही पाचात चौथी आली. त्याचं काही नाही. बाहेर आली ती नाचतच.

ही कपडे बदलायला गेली तेवढ्यात फोटो बघायला घेतले. उन्हात मागचा पडदा काही दिसू देईना, म्हणून उजवा डोळा लावून व्ह्यूफाइंडरमधूनच बघितले; काढलेले फोटो त्यातही दिसतात. पहिला धुरकट. दुसरा धुरकट. सगळे! धुक्यात कोणीतरी नारिंगी भोपळा फेकल्यासारखे. काल सोफ्यावर जमलं ते आज पाण्यावर का नाही जमलं? बटण चुकलं? हात हलला? डोकं चालेना. कपाळावरचा घाम कॅमेऱ्यावर टपटपत होता.

संध्याकाळी मेव्हण्याने टीव्हीवर फोटो बघायचा घाट घातला होता. त्याच्यासमोर, हिच्यासमोर हे लावायचं? मी एकेक करून पुसत गेलो. शेवटी एकच राहिला. तो नाही पुसवला. धुरकट का होईना, ती आहे त्यात.

ही आली. केस ओले, तोंडभर हसू. "दाखवा!"

"नाही गं आला. एकही नाही."

"बरं," म्हणाली. टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडून घातली. चिडली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने विचारलं, "पण सूर कसा होता माझा?"

"उत्तम होता."

"तुम्ही उत्तमच म्हणणार."

मी तोंडघशी पडलो याचं काही नाही. तिला बघायचं होतं, आणि मी दाखवू शकलो नाही.

३० मार्च

सकाळीच मेव्हणा लंगडत हजर. फोटो नाहीत, एक धुरकट तेवढा उरलाय म्हटल्यावर मला वाटलं, आता ऐकवणार. नाही ऐकवलं. "एक आहे ना? धुरकट तर धुरकट. ताईला बघू तरी द्या." माझ्या हातातून कॅमेरा घेऊन टीव्हीला जोडलासुद्धा.

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

मागून मेव्हण्याची टाळी ऐकू आली. म्हणून वळलो.

टीव्हीभर ही. हवेत. आडवी, सरळ, छडीसारखी. हात कानांना चिकटलेले. पायाची बोटंसुद्धा ताणलेली. टोपीची शिवण दिसतेय, गॉगलच्या पट्ट्यावरचा थेंब दिसतोय. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता!

ही उठून टीव्हीजवळ गेली. काचेवरून बोट फिरवलं, खांद्यापासून टाचेपर्यंत. "अगं बाई, पाय सरळ आहेत माझे." मग पुन्हा, हळू, "खरंच सरळ आहेत." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसतही नव्हती.

मेव्हणा म्हणतोय, पुसलेले फोटो परत आणता येतात, व्हिडिओ आहे. पहिल्यांदाच त्याच्या व्हिडिओंवर माझा जीव टांगलाय.

हिने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली. फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खोटं बोललो असं तिला वाटलं असेल म्हणून शपथ घेऊ लागलो.

"शपथ नको. एवढंच सांगा. हा फोटो काल तुम्हाला धुरकट दिसला?"

३१ मार्च

दुकान उघडायच्या आधी हिने मला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. माझ्या डाव्या डोळ्यावर स्वतःचा तळवा ठेवला आणि म्हणाली, "समोरचा तक्ता वाचा." मी धडाधड वाचला, वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत, एकही अक्षर न चुकता.

तिने तळवा काढला नाही. "अहो," म्हणाली, "तो मी उलटा टांगलाय. समोर मागची बाजू आहे. कोरी."