आधीच फेडलेला नवस

२ ऑगस्ट

आणलं बाई घरी ह्यांना! नागपूरहून गाडी दारात येताच अर्धं आंधळगाव गोळा झालं. सगळ्यांनी ह्यांना पाहिलं, हळहळले, चहा पिऊन गेले. लकव्याने उजवा हात लुळा पडला, पाय ओढतात. ते मी निभावून नेईन. पण वाचा गेली! डॉक्टर म्हणाले, "वाचा येईल. केव्हा, ते सांगता येत नाही. धीर धरा."

धीर म्हणे! मी चहा उकळायच्या आत गाळणारी बाई. हेच हसायचे नेहमी — "अवं, थांब जराशी, दुनिया पळून चालली का?" आता तेही कोण म्हणणार? मोहाडीच्या चौंडेश्वरीला गाडीतच बोलून टाकलं. ह्यांना बोलू दे, घरच्या मागावर विणलेलं लुगडं नेसवीन तुला.

बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

६ ऑगस्ट

आज चुकलं माझं. पाण्याचा ग्लास समोर धरला आणि म्हटलं, "आधी पाणी म्हणा." तोंड उघडलं, नुसता "आ... आ..." आला. मी ग्लास मागे घेतला. "म्हणा ना! पा-णी!" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सून मोनिका आली, माझ्या हातातून ग्लास घेऊन त्यांना पाणी पाजलं.

९ ऑगस्ट

अजून नाही.

१५ ऑगस्ट

हेमराज आला होता. जिल्हा वेगळा झाला तसं त्याचं ऑफिस गोंदियाला गेलं, रविवारीच काय तो पोरगा दिसतो. आज झेंडावंदनाची सुट्टी म्हणून आला. बापाशेजारी बसून भात खाल्ला. जाताना म्हणाला, "माय, तू लय घाई करून राहिली. बाबाले जरा श्वास घेऊ दे ना."

बापाचीच री ओढतो!

पण मला आज एक युक्ती सुचली. नवस फेडायचा तो काम झाल्यावर, असं सगळे करतात. म्हणूनच देवीसुद्धा सावकाश बघते. आधीच फेडला तर? लुगडं अंगावर चढल्यावर तिला तरी चैन पडेल का? लाजेकाजेने तरी काम करावंच लागेल. मागाला उद्याच हात घालते. जन्मभर सूत गुंडाळून कांड्या भरल्या मी, विणायचे ते हे. पण बघून बघून हात शिकतोच.

१८ ऑगस्ट

व्हायचं तेच झालं. ताण्याच्या उभ्या धाग्यांना भाताची खळ लावली. पावसाळी हवा, सूत वाळेना. दिवसभर वाळू द्यायचं ते मी दुपारीच मागावर चढवलं. धागे एकमेकांना चिकटले, आणि पहिल्याच दणक्याला पटापट तुटले. कपाळाला हात लावून बसले.

हे काठी टेकत आले. वाटलं, हसतील. हसले नाहीत. माझ्याजवळ टेकले आणि डाव्या हाताने तुटलेल्या धाग्याचं एक टोक धरलं. एका हाताने गाठ बसते होय? मग दुसरं टोक मी धरलं. त्यांनी पीळ द्यायचा, मी ओढायचं. मी ओढायची घाई केली की गाठ सुटायची. ते पुन्हा टोक धरायचे. ना रागावले, ना कंटाळले. सांजवात लावायची वेळ झाली तरी आम्ही तिथेच होतो. एवढा वेळ शेजारी शेजारी आम्ही कधी बसलो होतो, आठवत नाही.

४ सप्टेंबर

लुगडं नेसवून आले! काठ थोडा वाकडा आहे, पण हिरवा रंग देवीला काय शोभून दिसला! पुजाऱ्याने विचारलं, "कशाचा नवस?" मी म्हटलं, "मालकाच्या बोलण्याचा." तो म्हणाला, "वा! बोलायले लागले का?" मी म्हटलं, "लागतील आता."

येताना शेजारच्या सत्यभामाबाईने गाठलं. तिच्या पोटात काही राहत नाही, आता गावभर होईल.

"काहून वं शेवंते, भाऊजी बोलले?"

"नाही अजून."

"मंग कायचा नवस फेडला? देवीले आगाऊ बयाणा देऊन आली का?" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

हसू दे. उद्या बघेल.

५ सप्टेंबर

नाही.

१२ सप्टेंबर

नाही. देवीशी अबोला धरला आहे. घरातल्या देव्हाऱ्यात दिवा लावला नाही. तिने माझं लुगडं ठेवून घेतलं आणि उलट काही दिलं नाही. दुकानदारसुद्धा असं करत नाही.

१३ सप्टेंबर

दिवा लागला. मी नाही लावला. मी परसात होते, आत येऊन बघते तर हे देव्हाऱ्यापुढे बसलेले. काडेपेटी गुडघ्यात धरून डाव्या हाताने काडी ओढत होते. दोन-चार मोडून पडल्या होत्या. मी पुढे झाले तर मोनिकाने मला धरलं. हळूच म्हणाली, "आई, ऱ्हाऊ द्या. त्यायले करू द्या." एकदाची काडी पेटली. दिवा लावून त्यांनी डावा हात कपाळाला लावला.

ज्याची वाचा गेली त्याचं काही भांडण नाही, आणि मी फुगून बसले आहे. लाज वाटली. फार लाज वाटली.

२० सप्टेंबर

ते सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावतात आता. मला बघवत नाही, हात शिवशिवतात. म्हणून आज दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. चहा निवून गेला, पण शेवटची गुंडी लागली. माझ्याकडे बघून तोंडभर हसले — उजवी बाजू अजून ओढते, तरी हसू पुरतं कळतं. मीही निवलेला चहा प्याले. इतका काही वाईट नव्हता!

आज देवीला सांगितलं, तुझा हिशेब तूच बघ. मी आता विचारणार नाही. म्हटलं खरं. निभेल का, तिलाच माहीत.

१ ऑक्टोबर

निभतंय. दिवसातून एकदाच विचारते.

९ ऑक्टोबर

लिहू कसं!

दुपारी मी मागावर होते. हे ओसरीत खाटेवर. धोटा खटखट चालला होता, आणि मागून कुणीतरी ओरडलं — "शेवंता!"

पुरुषाचा आवाज. मला भरदुपारी नावाने हाक मारणारा हा आगाऊ कोण? तणतणत बाहेर आले. बघते तर बकरी खळीच्या भांड्यात तोंड घालून उभी, आणि हे काठी उगारून पुन्हा म्हणाले, "शेवंता! शेवंता!"

मी खालीच बसले. बकरीने सगळी खळ खाल्ली. खाऊ दे!

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात बाया मागे लागल्या होत्या, नाव घ्या, नाव घ्या, तर हे मांडवातून पळून गेले होते. मग जन्मभर "अवं", नाहीतर "हेमराजची माय". माझं नाव त्यांना ठाऊक तरी आहे का, असा प्रश्न पडायचा मला. आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. मोनिका धावत आली, मला रडताना पाहून घाबरली, आणि मग तीही रडली.

१४ ऑक्टोबर

दुसरा शब्द नाही! पाणी हवं — शेवंता. चहा हवा — शेवंता. बकरी आली — तीही शेवंता! हेमराजने फोन केला, मोनिकाने ह्यांच्या कानाला लावला. बापाने लेकाला गंभीरपणे सांगितलं, "शेवंता." पलीकडून आधी हसू आलं, मग नुसता नाक ओढल्याचा आवाज. सत्यभामाबाई मुद्दाम येऊन ऐकून गेली. "काय वं, जन्माची कसर काढून राहिले भाऊजी!" मी इतकी लाजले की चुलीशी जाऊन बसले.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. कधी एकच शब्द आधी येतो. बाकीचे येतीलच, मग हा मागे पडेल, आणि सगळं पूर्वीसारखं होईल.

१६ ऑक्टोबर

मोहाडीला जाऊन आले. देवीचे पाय धरले. म्हटलं — माय, बाकीचे शब्द तुझ्या सवडीने दे. मला काही घाई नाही.