विनोदिनीचा पाय

१८ ऑगस्ट, धार

आईनं आज विनोदिनीचा कार्बनचा कृत्रिम पाय पुसून, फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "सूनबाईचं तेरावं झालं. आता हा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." देवासच्या अनीशला तिनं परस्पर फोनही केला होता. विनोदिनीला हा पाय त्यानंच बसवला होता. गंधवानीची कोणी कमल आहे, अंगणवाडीत काम करते. तिलाही डावाच पाय हवा, मापही तेच.

मी गुंडाळी उघडली नाही.

२० ऑगस्ट

उघडली. वरचं रबराचं कवच काढलं. आतली पट्टी काळी, जळकं काही असलं तरी दिसणार नाही. पण कडेवरून बोट फिरवलं तर तंतूंची टोकं टोचली.

पीथमपूरच्या कारखान्यात रोज हेच तपासतो मी. कार्बनचे तंतू लेझरनं कापायला इतकी उष्णता लागते की त्यांना धरून ठेवणारं रेझिन त्याच्या कितीतरी आधी जळतं. शिवाय तंतू ती उष्णता आत ओढून नेतात. वरून कड सरळ दिसते, आत थर सुटलेले असू शकतात. मग एक दिवस भार पडतो आणि पट्टी दगा देते.

विनोदिनी स्वयंपाकघरात पडली. ओट्याची कड डोक्याला लागली. मी ड्यूटीवर होतो, घरात फक्त आई. "तोल गेला," एवढंच ती सांगते. पण या पायावर विनोदिनी शिकवायला जाताना शाळेचा जिना चढायची, बसमध्ये उभी राहायची. घरातल्या सपाट फरशीवर तोल का जावा?

२१ ऑगस्ट

दुसरं काही सुचत नाही.

२३ ऑगस्ट

अनीशला फोन. पट्टी कशानं कापतात, विचारलं. "लेझरनंच, भिया. पाण्याच्या धारेनं कापणारं मशीन इकडे कुठाय? क्यों, कुछ हुआ क्या?"

काही नाही म्हणालो.

नाण्यानं ठोकून पाहिलं; थर सुटले असतील तिथं आवाज बसका येतो. आवाज सगळीकडे सारखा. त्यावरून कडेचं काही कळत नाही. तुकडा कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरच कळेल. आणि कापला की पाय गेला.

२५ ऑगस्ट, देवास

कमल नव्या सॉकेटचं, म्हणजे उरलेल्या पायावर बसणाऱ्या वाटीचं, माप द्यायला आली होती. कुबडी घेऊन, दोन बस बदलून. तिशीची असेल. एकेक फळिया, म्हणजे वस्ती, टेकडीवर, तिथं कुबडीनं जाता येत नाही, म्हणून तिचं काम दुसरीला द्यायचं चाललंय म्हणे. माझ्या हातातल्या पिशवीत काय आहे ते तिनं ओळखलं.

"साब, मॅडम का पाँव मैं सँभाल के रखूँगी."

अनीश म्हणाला, "अरे बाई, सांभाळून कपाटात ठेवशील का? चलना है इससे." ती हसली. मी पिशवी दिली नाही. एकदा तपासतो म्हणालो. दोघांचे चेहरे उतरले.

पण टेकडी उतरताना तिचा तोल गेला तर?

२६ ऑगस्ट

आईला सांगितलं. तिनं भाजी चिरायची थांबवली. "कापू नकोस रे उमाशंकर. पाय चांगला आहे."

"तुला काय कळतं त्यातलं?"

आईशी असं कधी बोललो नव्हतो. ती गच्चीवर गेली. थोड्या वेळानं खाली आली आणि पुन्हा तेच — "त्या मुलीला देऊन टाक."

हट्टीपणा. विनोदिनी गेल्यापासून असंच चाललंय.

२८ ऑगस्ट

कापला. कारखान्यातला अंशुल मशीनवर होता. पट्टी हातात घेऊन म्हणाला, "भिया, तुम तो पंचनामा करने बैठ गए." मग कुणाची ते त्याला कळलं. त्यानं टोपी काढली आणि मशीन सुरू केलं. पातं थंड ठेवणारं पाणी काळं झालं. तुकडा रेझिनमध्ये बसवून ठेवला.

३० ऑगस्ट

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कडेचा जळलेला पट्टा केसाइतका. आत एकही थर सुटलेला नाही. बोटाला टोचलं ते नुसतं वरवरचं होतं. पुन्हा घासून पाहिलं, अंशुललाही दाखवलं. आमच्याकडे आला असता तर मी पास केला असता.

पाय चांगला होता.

हलकं वाटायला हवं होतं.

३१ ऑगस्ट

अनीशला कळवलं. "अब नया आने तक तो उसका काम गया, भिया. तिला तुम्हीच सांगा."

सांगितलं. नव्या पायाचं मी बघतो म्हणालो. "कोई बात नहीं, साब," म्हणाली. मलाच धीर देत होती.

१ सप्टेंबर

जेवताना आईला सांगितलं, पाय चांगला निघाला.

"मला ठाऊक होतं." तिनं ताट सारलं. "ती पडली तेव्हा तो तिच्या पायात नव्हताच. स्वयंपाकघरात देव, माझं सोवळं. रस्त्यावरून आलेला पाय उंबऱ्याच्या आत नको, असं मीच तिला म्हटलं होतं. तू कामावर गेलास की ती तो बाहेर काढून ठेवायची आणि भिंत धरून आत यायची. यांना सांगू नका म्हणाली होती."

मी हात धुतले.

"त्या दिवसापासून मी देवापुढे दिवा लावलेला नाही," आई म्हणाली. "तुझ्या लक्षात आलं नाही."

नव्हतं आलं.